धण्याच्या फुलांची अंडी

त्या साली जवळनूरच्या शिवारात मावा पडला आणि करडई उभ्याउभ्या काळी झाली. थंडी म्हणावी तशी पडलीच नव्हती. मार्गशीर्ष सरत आला तरी आभाळ भरून यायचं, हवा कोंदट राहायची, आणि अशा हवेत माव्याचं चांगलंच फावतं. शेंड्याला, देठाला, पानाच्या पाठीला बारीक काळे किडे दाटीवाटीनं चिकटायचे, झाडाचा रस शोषायचे आणि मागून गोड चिकटा गाळायचे. शेतातून एक चक्कर मारून आलं तरी कपडे चिकट व्हायचे. फवारावं तर ती सोय राहिली नव्हती. मधमाश्या जवळपास संपल्या तेव्हा फुलावर येणाऱ्या पिकांवरची विषारी औषधं सरकारनं बंद केली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. माणसं बांधावर बसून नुसती बघत होती.

सगळ्या शिवारात बसलिंगअप्पा थोंट्याची करडई तेवढी हिरवीगार उभी होती.

बसलिंगअप्पा म्हणजे जवळनूरचा सगळ्यात पुढारलेला शेतकरी, असं निदान बसलिंगअप्पाचं मत होतं. बाजारात नवीन काही निघालं की ते आधी त्याच्या शेतात दिसायचं. मातीत पुरायची यंत्रं झाली, आपोआप उघडणारं ठिबक झालं. त्यात दोष काही नाही, कुणीतरी पहिलं धाडस करावंच लागतं. फक्त धाडस करून झाल्यावर तो ते वर्षभर सांगत बसायचा, आणि ऐकणाऱ्याला चहा पाजून सांगायचा, त्यामुळे उठूनही जाता यायचं नाही.

या साली त्याचं धाडस म्हणजे ‘हाकारा’. शेताच्या मधोमध रोवलेला कमरेएवढा पांढरा खांब. त्यामागचं शास्त्र साधं होतं. माव्याला खाऊन टाकणारी एक अळी निसर्गात पहिल्यापासून आहे. हिरवट, बिनपायाची, बघितली तर किळसच यावी अशी. पण मोठी होईपर्यंत एकेक अळी शेकड्यांनी मावा फस्त करते. ही अळी सिरफिड नावाच्या माशीची. माशी स्वतः फुलांवर जगते, पण अंडं घालायला मात्र मावा शोधत येते, कारण लेकरू जन्मलं की त्याच्या तोंडापुढं खाणं हवं. आणि मावा ती शोधते वासावरून. चिकटा पानावर साठला की त्यात सूक्ष्म जंतू वाढतात, तो आंबतो, आणि त्या आंबूस वासावर मादी दूरदूरून येते. कंपनीनं नेमका तो वास कशाचा हे हुडकून काढलं, कारखान्यात तयार केला आणि खांबात भरला. वाऱ्याचा अंदाज घेऊन खांब वास सोडायचा, आणि चहूकडच्या माद्या त्या हाकेला ओ देऊन यायच्या, अंडी घालून जायच्या. खांबाला कानही होता. पंखांच्या गुणगुणीवरून कोणता कीटक आला हे ओळखून तो अप्पाच्या फोनवर कळवायचा.

शेत बघायला येणाऱ्यांना अप्पा हे सगळं बयाजवार सांगायचा. फक्त माशीला तो मधमाशी म्हणायचा. पिवळे-काळे पट्टे, गुणगुणणं, फुलावर बसणं. मधमाशी नाही तर दुसरं काय? कंपनी सिरफिड म्हणते तर म्हणो, ही मधमाशीचीच एखादी जात असणार, असं त्यानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. पाहुण्यांना एवढं सांगून झालं की तो हात लांब करून बांधापलीकडचं शेत दाखवायचा.

“आन् ते बघा. बांध साफ ठेवला न्हाई की काय होतंय.”

बांधापलीकडची करडई चिकट्यानं काळी पडून माना टाकून उभी होती. ते शेत शिवकांताचं. शिवकांता म्हणजे अप्पाची सख्खी थोरली बहीण, जिला तो लहानपणी अक्का म्हणायचा आणि आता काहीच म्हणत नव्हता.

वडील गेल्यावर बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं तिला साडीचोळी करायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, असा आपल्याकडचा रिवाज. शिवकांता सोलापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ती आली, कागद वाचला आणि म्हणाली, दादांच्या जमिनीतलं माझ्या वाट्याचं मी सोडत नाही, तुझ्या वाट्याला हात लावत नाही. कायद्यानं तिचं बरोबरच होतं. पण गावात चर्चा झाली, अप्पाला ते मानहानीचं वाटलं, आणि त्यानं बोलणं टाकलं. निवृत्त झाल्यावर ती गावात येऊन राहिली, स्वतःचा तुकडा स्वतः कसू लागली, तरी तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. दोघांची शेतं एका बांधाला लागून, आणि भाऊ-बहीण एकमेकांना दिसले की दोघांनाही आभाळात काहीतरी बघायचं असायचं.

तिची शेतीही गावाला चमत्कारिक वाटायची. अर्ध्यात करडई, आणि बांधाच्या कडेनं चांगला रुंद पट्टा धणे, शेपू, ओवा, बडीशेप यांचा. भाजी म्हणून उपटायच्या दिवसांत उपटायची नाही, पांढरी-पिवळी फुलं येऊ द्यायची आणि त्यांच्याकडे बघत उभी राहायची. मध्ये गवत, रानटी रोपं, तीही तशीच. अप्पाला खात्री होती की माव्याचं माहेर तिथंच आहे. त्यानं गावच्या शिवार समितीकडे रीतसर तक्रार केली. तपास करायला समिती कशाला येते. तक्रारदार गावातला वजनदार माणूस, आणि पलीकडच्या बाईचं पीक तर डोळ्यांदेखत गेलेलं. बांधावर कापणीचं यंत्र फिरवायचं ठरलं. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी पट्टा भुईसपाट होणार होता. शिवकांताला नोटीस गेली. तिनं हरकत घेतली नाही, कुणाच्या दारात गेली नाही.

अशात संशोधन केंद्रातून डॉक्टर नाझनीन आली. मूळची उदगीरची, वयानं तिशीच्या आतबाहेरची, पायात चिखलाचे बूट. एवढ्या उजाड शिवारात एकच शेत हिरवं कसं, हे तिला तपासायचं होतं. अप्पाची छाती फुगली. केंद्रातनं माणूस आलं म्हणजे आता आपलं नाव पुस्तकात छापून येणार, असं तो महानंदाला, म्हणजे बायकोला, दोनदा बोलून दाखवून शेतात गेला.

नाझनीननं हाकाऱ्याकडे फारसं बघितलंच नाही. ती करडईच्या काट्यांतून वाट काढत एका झाडापाशी वाकली आणि हवेत एकाच जागी थांबून राहिलेल्या एका माशीकडे बोट केलं.

“ही कोण, अप्पा?”

“मधमाशी.”

“पंख मोजा बरं.”

अप्पानं चष्मा पुसला. माशी पानावर टेकली तेव्हा त्यानं मोजले. दोन होते. मधमाशीला चार असतात, गांधीलमाशीलाही चार, नाझनीन सांगू लागली. हिला दोनच, कारण ही शेवटी माशीच. शिंगं बघा, इवलीशी. मधमाशीची लांब असतात. डोळे बघा, सगळं डोकंच डोळ्यांनी भरलंय. हिच्याकडे नांगी नाही, विष नाही, कुणाला इजा करायची ताकद नाही. म्हणून पक्ष्यांना भ्यायला लावायला मधमाशीचे कपडे घालून हिंडते. आणि असं अधांतरी, पंख न हलवल्यागत एका जागी थांबणं हिच्याइतकं क्वचितच कुणाला जमतं. मग तिनं नर आणि मादी ओळखायची खूण सांगितली. नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते.

अप्पा पुढं बराच वेळ वाकून बघत राहिला. त्याचं सारं आयुष्य शेतात गेलं होतं, आणि एखाद्या माशीच्या डोळ्यांतली फट त्यानं आज पहिल्यांदा बघितली होती. त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली आणि पुष्कळ मजा वाटली.

एक मादी समोरच्या झाडाभोवती घुटमळत होती. शेंड्याजवळ जायची, मागं सरायची, पायानं पान चाचपायची, शेपटीचं टोक वाकवून टेकवायची आणि काहीच न करता उडून जायची. पुन्हा दुसऱ्या पानावर तेच. अप्पा म्हणाला, हिला अंडं घालायचंय का नुसती पाहणी करायचीय? पाहणीच करतेय, नाझनीन म्हणाली. इथं मावा आहे का, तो वाढता आहे का संपत आलेला, आणि मुख्य म्हणजे आधी दुसरी कुणी इथं अंडं घालून गेलीय का. पोरगी मुलगा बघायला गेली तरी एवढं बघत नाही. शेवटी मादीनं पानाच्या पाठीला एक अंडं चिकटवलं. रव्याच्या कणाएवढं, लांबुळकं, पांढरंशुभ्र.

अशी पुष्कळ अंडी नाझनीननं पानांसकट कापून डब्यांत भरली. बांध ओलांडून ती शिवकांताच्या शेतातही गेली, तिच्याशी काहीतरी बोलत बराच वेळ उभी राहिली. अप्पा तोवर आभाळाकडे बघत होता.

निकाल सांगायला ती येळवशीच्या आदल्या दिवशी परत आली. बरोबर एक छोटं यंत्र होतं, त्याला केंद्रातले लोक ‘पारखी’ म्हणत. ओसरीवर बसून, महानंदानं दिलेला चहा हातात घेऊन तिनं आधी शास्त्र समजावलं. सिरफिड मादीच्या पोटात अंडी आपोआप पिकत नाहीत. त्यासाठी तिला फुलांचे परागकण खावे लागतात. अंड्याचा ऐवज त्यातूनच बनतो. आणि दर झाडाच्या परागात काही स्निग्ध पदार्थ असे असतात, की ते पचून अंड्यात उतरले तरी आपली ओळख सोडत नाहीत. हे अलीकडेच कळलं होतं. त्यामुळे अंडं पारखीत घातलं की त्याची आई अंडं घालण्याआधी कोणत्या फुलांवर जेवली, हे वाचता येतं.

“मंग? काय जेवल्या आमच्या?” अप्पानं विचारलं.

“धण्याची फुलं. शेपू. थोडा ओवा. जवळजवळ सगळ्याच.”

“आमच्याकडं धण्याला फुलं येऊ देतंय कोण,” अप्पा सवयीनं म्हणाला, आणि तिथंच थांबला.

महानंदा उंबऱ्यात उभी होती. तिनं नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याला कपातला चहा संपलाय हेही दिसेना, तो रिकामा कप तोंडाला लावून बसला.

नाझनीननं उरलेलं शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. करडई अजून फुलायची होती, शिवारात दुसरं फुलावर आलेलं काहीच नव्हतं. तो पट्टा नसता तर हाकाऱ्यानं कितीही हाका मारल्या असत्या तरी पोटात पिकलेली अंडी घेऊन येणारी मादी आलीच नसती. खांब फक्त बोलावतो. जेवू घालत नाही. आणि त्याचा वास काही बांधावर थांबत नाही. पलीकडं जेवलेली मादी पलीकडंच अंडं घालणार होती, तिथं मावा होता, तिला तो सापडलाही असता. पण इकडून खोटा वास इतका जोरात यायचा की खरा वास तिच्यापर्यंत पोहोचायचाच नाही. शिवकांताबाईंच्या करडईत अंडी मिळालीच नाहीत.

“अन् माझ्यात?”

“तुमच्यात नको तेवढी. अप्पा, ह्या माशीचा एक स्वभाव आहे. जिथं दुसरीचं लेकरू जेवतंय, तिथं ती आपलं बसवत नाही. वासानं ओळखते आणि सोडून जाते, कारण खाणं कमी पडलं की अळ्या एकमेकींना खातात. ह्या खांबाच्या वासात तिला तेवढं भान राहत नाही. तुमच्या पानांवर अळ्या एकमेकींनाच खायला लागल्यात. मावा संपला म्हणून तुम्ही खूश आहात. पण पुढच्या पिढीला माश्या उरायच्या नाहीत.”

मग तिनं विचारलं, बांधावर उद्या-परवा यंत्र फिरणार आहे असं ऐकलं, ते खरं का? तो पट्टा गेला तर या शिवारात पुन्हा कुणाकडेच काही येणार नाही. आणि तक्रार कुणाची आहे, हे तिनं मुद्दाम विचारलं नाही.

ती गेल्यावर अप्पा ओसरीवरच बसून राहिला. पहिल्यांदा त्याला राग आला, तो हाकाऱ्याचा. मग कंपनीचा. कंपनीवर तो चांगला अर्धा तास चिडला, आणि चिडता चिडता त्याच्या लक्षात आलं की आपण जे टाळून चिडतोय ते बांधापलीकडं काळं पडून उभं आहे. पाहुण्यांना बोट करून दाखवलेलं ते शेत. आपण तिचं खाल्लं आणि वर तिलाच नावं ठेवली.

त्यानं समितीच्या अध्यक्षाला फोन लावला आणि म्हणाला, माझी तक्रार फाडून टाका. अध्यक्ष म्हणाला, तसं होत नाही अप्पा. हुकूम निघालाय, यंत्र भाड्यानं ठरलंय. तक्रारदारानं स्वतः सगळ्या सदस्यांपुढं उभं राहून तक्रार का खोटी होती ते सांगायचं, तरच हुकूम थांबतो. लोकांनी एकमेकांवर उगाच तक्रारी करू नयेत म्हणून हा नियम केलाय. आणि नियम करताना सूचना तुमचीच होती, ही आठवणही त्यानं करून दिली. उद्या येळवस, कोण कुठं भेटणार, असं अप्पा म्हणाला. अध्यक्ष हसला. सगळी समिती उद्या तुमच्याच शेतातल्या कोपीत जेवायला आहे की.

“अहो,” महानंदा म्हणाली, “आता तरी बोला.”

लातूरकडची येळवस ज्यानं बघितली नाही त्याला ती सांगणं अवघड. गाव रिकामं होतं. शाळा, दुकानं, बँका, सगळ्यांना कुलपं. बाया डोक्यावर ताकातल्या आंबिलीचे माठ घेऊन, माणसं पोराबाळांसकट शेताची वाट धरतात. कडब्याची कोप उभी करायची, पांडवांची पूजा करायची, बेसनात शिजवलेल्या भाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे, खीर, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. शेतात पाऊल टाकलेला माणूस त्या दिवशी जेवल्याशिवाय परत जात नाही. मग तो ओळखीचा असो, अनोळखी असो, नाहीतर कोर्टात समोर उभा असलेला असो.

सकाळी शेतात आल्याबरोबर अप्पानं पहिलं काम केलं ते हाकारा बंद करायचं. खांबावरचा हिरवा दिवा विझला. खांबानं मग फोनवर तीन-चार वेळा विचारलं, नक्की बंद करायचं का? अप्पा दरवेळी हो म्हणाला. आपल्या पिकाचं आता काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं. आहेत त्या अळ्या पुरतील बहुतेक, असं नाझनीन म्हणाली होती, आणि बहुतेक या शब्दावर तिनं जोर दिला होता.

दुपारी पंगत बसली. समितीची मंडळी, शेजारीपाजारी, त्यांची पोरं, आणि आग्रह करून बसवलेली नाझनीन. भज्जी वाढून झाली. कुणीतरी अप्पाच्या करडईचं कौतुक सुरू केलं, दुसऱ्यानं त्यात भर घातली, अध्यक्ष म्हणाला की पुढच्या साली सगळ्या गावानं हाकारे बसवावेत. एरवी अशा बोलण्याला अप्पानं तासभर खतपाणी घातलं असतं. आज तो वाढायची पळी हातात धरून उभा राहिला.

“मंडळी, ही करडई माझ्या हुशारीची न्हाई,” तो म्हणाला. “बांधापलीकडं माझ्या अक्कानं धण्याला, शेपूला फुलं येऊ दिली. त्याच्यावर ह्या माश्या जगल्या. त्या तिच्या शेतात ऱ्हाणार व्हत्या, मी वास लावून इकडं वढल्या. तिचं पीक माव्यानं न्हाई खाल्लं. मी खाल्लं. वर तिच्यावरच तक्रार केली. ती खोटी हाय. उद्या मशीन घालू नका. पुढच्या साली कुणी खांब बसवायचाबी न्हाई, आधी फुलं लावायची.”

एक जण हसला, त्याला वाटलं अप्पा थट्टा करतोय. पण अप्पाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तो हसणारा उंडा मोडून खाऊ लागला. अध्यक्षानं इकडंतिकडं बघितलं, सदस्यांनी माना डोलावल्या, आणि हुकूम जेवताजेवताच रद्द झाला. नाझनीन खाली मान घालून आंबील पीत होती, पण तिचा चेहरा उजळला होता.

अप्पानं पळी महानंदाच्या हातात दिली आणि बांधाकडे निघाला. आजच जायचं हे त्यानं रात्रीच ठरवलं होतं, आणि त्यात भित्र्या माणसाचा थोडा हिशेबही होता. दुसऱ्या कोणत्याही दिवशी अक्कानं त्याला वाटेला लावलं असतं. आज लावता येणार नव्हतं.

शिवकांतानं कोप लहानशीच घातली होती. पूजा झालेली होती, पानं मांडलेली होती, जेवायला कुणी नव्हतं. गावातली माणसं अप्पाच्या भिडेनं तिच्याकडे यायची नाहीत. ती फुलांच्या पट्ट्यापाशी बसली होती, पांढरे केस, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. भावाला येताना बघून ती उठली नाही. आभाळाकडेही बघितलं नाही तिनं. त्याच्याकडेच बघत राहिली.

“आज का खांब बंद केलास?” तिनं विचारलं.

“तुला कसं कळालं?”

“माश्या सकाळपासनं इथंच फिरायल्यात. तुझ्याकडं जायनात.”

अप्पा तिच्यापुढं जमिनीवर बसला. सांगायचं ते सगळं त्यानं वाटेनं जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिकडं पंगतीत सांगितलं, तक्रार मागं घेतली, यंत्र येणार नाही, एवढं त्यानं कसंबसं सांगितलं. मग विचारलं, “तुला आधीपास्नं ठावं व्हतं, अक्का?”

“दिसत होतं की. इथं जेवायच्या आणि पोट भरलं की बांध ओलांडून तुझ्याकडं जायच्या. आयुष्यभर तेच शिकवलं मी.”

“मंग ही फुलं कापून का टाकली न्हाईस? तुझं जातंय हे दिसत व्हतं तर.”

“कापणार होते,” शिवकांता म्हणाली. “खोटं कशाला बोलू. विळा घेऊन उभी होते एक दिवस. लई राग आला होता तुझा. शिव्या घातल्या तुला, दादांच्या नावानंबी घातल्या. मग म्हटलं, कापली तर माझं काही वाचत नाही. तुझं मात्र जाईल. सगळ्या शिवारात एक शेत हिरवं राहिलंय, ते आपल्या दादांचंच आहे. विळा ठेवला आणि घरी आले.”

बसलिंगअप्पानं वाकून बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. पायांना माती लागलेली होती, ती त्याच्या कपाळाला लागली. एवढं मोठं दान आपल्या घरात आलं, आपण ते रोज हिंडून लोकांना दाखवलं, आणि देणारीचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं. त्याला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा जास्त वाटत होतं ते दुसरंच. कुणीतरी आपल्याला इतकं जपलं, आपण जपण्यासारखे नसतानाही जपलं, यानं त्याला मनापासून भरून आलं.

“लई उपकार झाले गं अक्का,” तो म्हणाला.

“ऊठ. पान मांडलंय, जेव.”

त्यानं डोळे पुसले आणि पानावर बसला. तिनं भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, आंबिलीचा पेला भरला. भज्जीत मीठ कमी होतं. तिला स्वयंपाक पहिल्यापासून बेताचाच यायचा. त्यानं दोनदा मागून घेतली. ती समोर बसून त्याला जेवताना बघत होती. नंतर, आठवल्यासारखं, सहज म्हणाली:

“बसू, तुझी करडई निघाली की मला पुढच्या साली पेरायला बियाणं देशील का? माझ्याकडं काही उरलं नाही.”

अप्पाचा घास हातातच राहिला. वडिलांची जमीन तिनं मागितली नव्हती, ती तिची होती, तिनं ती घेतली होती. तेव्हापासून आजवर तिनं त्याच्याकडं कशासाठी हात पुढं केला नव्हता. आज ती मागत होती, बहीण भावाकडं मागते तशी, आणि तो देऊ शकत होता.

“देतो की,” तो म्हणाला. “मीच आणून पेरून देतो.”

“पेरते मी. तू बियाणं दे नुसतं,” शिवकांता म्हणाली, आणि त्याच्या पानात खीर वाढू लागली.